अलार्ममधली माय

साइट बंद पडली की टीममधल्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर माझी माय ओरडायची, "काय करी राह्यना रे? जेवाले चाल!" मग पुण्याच्या ऑफिसातली सगळी तोंडं खदाखदा हसायची.

मी धुळ्यात घरूनच काम करतो. वेबसाइट बनवतो. एका मीटिंगमध्ये माझा माइक चालू राहिला आणि माय दारातून हाक मारून गेली. आमच्या टीम लीडनं तेवढाच तुकडा कापला आणि साइट पडल्याचा अलार्म करून टाकला. "किती क्यूट लँग्वेज आहे यार," म्हणाला. मीही हसलो. न हसून करतो काय? नोकरी नवी होती.

या लोकांचं मला नवल वाटतं. क्लायंटला दाखवायच्या स्लाइडवर लिहितात, इंटरनेट सगळ्यांचं आहे, खेड्यातल्या बाईलासुद्धा ते आपलं वाटलं पाहिजे. ती बाई म्हणजे माझी मायच की! तिच्यासाठी बटणं मोठी करायची, अक्षरं ठळक करायची, आणि ती बोलली की खिदळायचं. वीट आला होता मला.

एका दुपारी मीटिंग चालू असताना माय चहा घेऊन आत आली आणि नेमकी तेव्हाच साइट पडली. तिनं स्वतःचा आवाज ऐकला. पाठोपाठ ते हसणंही. कप ठेवून हळूच म्हणाली, "मनं काई चुकनं का?"

मी लॅपटॉपचा आवाज बारीक केला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी ती दारात येऊन उभी राहिली. हाक मारली नाही. हातानंच खुणावलं, चल. स्वतःच्या घरात माझी माय बोलायला भ्याली होती. लाज वाटली मला. माझीच.

मी उठलो नाही. आधी तो आवाज काढून टाकला. असा बदल केला की सोबत नोंद लिहावी लागते, ती अख्खी टीम वाचते. मी लिहिलं, "ही माझी माय आहे. अलार्ममधून काढली."

लीडचा लगेच फोन. "अरे चिल! मजा होती ती."

"मग तुमच्या आईचा आवाज लावा."

तो म्हणाला, "तुला टीममध्ये राहायचंय ना?"

राहायचंय. काम येतं मला. पण हसून हसून थकलोय. यापुढं मायच्या बोलीवर जो हसेल, त्याला भर मीटिंगमध्ये नाव घेऊन विचारणार, कशाला हसलास? आणि तो सांगेपर्यंत पुढचा विषय निघू देणार नाही.