दवावरची गाडी

विंझरला एक गॅरेजवाले काका आहेत. दर हिवाळ्यात आमचा ग्रुप कॅम्पिंगसाठी त्यांच्याकडूनच गाडी नेतो. गाडी कितीही मळकी असो, आत बसताना ते चपला बाहेर काढतात. बोलतात ते टायरकडे बघत.

यंदा सगळ्यांना त्यांच्याकडची नवी, चकचकीत गाडी आवडली. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हिची पुढलीच दोन चाकं ओढत्यात. सकाळी दवानं गवत लई निसरडं व्हतं, धरणाच्या चढावर न्हाई निघायची. जुनी जीप न्या, तिची चारी ओढत्यात. सांगा त्यास्नी."

मी मान डोलावली आणि कुणालाच सांगितलं नाही. चारचौघांत बोलायला मला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानशेत धरणाच्या काठावरून निघताना नवी गाडी चढावर जागीच घसरत राहिली. फोन केल्यावर काका जुनी जीप घेऊन आले.

"काका, आधी सांगायचं ना," आमच्यातला एकजण म्हणाला, "का गंमत बघायची होती?"

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "सांगाया पायजे व्हतं." मग दोर बांधायला ते ओल्या गवतात बसले.

मी तंबूची घडी घालत राहिले. ती केव्हाच घालून झाली होती.