आधी तळ

"आधी तळ बघावा," असं म्हणत काकू हातात आलेलं भांडं उलटं करायच्या. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावात एका हळदीकुंकवाला त्यांनी वाटी उलटी केली, तेव्हा तिच्यात चटणी होती. साडी यजमानीणबाईंची होती. "सॉरी गं," काकू म्हणाल्या, "पण तळाला नाव छान घातलंय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकू निवृत्त केमिस्ट. जवळच्या म्युझियममध्ये त्या व्हॉलंटियर म्हणून लोकांना वस्तू समजावून सांगायच्या. आवडतं कपाट एकच. त्यात बायझंटाइन काळातल्या एका चर्चचा चांदीचा पेला आणि ताट होतं. प्रार्थनेच्या वेळी पेल्यात द्राक्षारस, ताटात पाव. काठाभोवती ग्रीक अक्षरांत, ही भांडी कोणी दिली आणि कोणा मृताच्या आठवणीसाठी दिली, ती नावं.

मराठी शाळेची मुलं आम्ही एकदा तिथे नेली. एका मुलीनं विचारलं, "सो, लाइक आजीचा स्टीलचा डबा?"

"एक्झॅक्टली!" काकू म्हणाल्या. "अमक्यांच्या स्मरणार्थ. चौदाशे वर्षं झाली, नाव अजून वाचता येतं. कोणी फार घासलं नाही म्हणून."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. माझ्या आईचं नाव लग्नात बदललं होतं. माहेरचं विचारलं की हसून म्हणायची, "फुलपात्रावर आहे, वाच." ती गेल्यावर चांदीचं ते फुलपात्र उलटं केलं, तर तळ गुळगुळीत. दर गणपतीत मीच ते घासून लख्ख केलं होतं. बातमीदारीत आयुष्य गेलं. नाव न विचारता एक बातमी दिली नव्हती.

फुलपात्र घेऊन काकूंकडे गेलो.

"कशानं घासता?"

"टूथपावडरनं."

"त्यानं दात घासावेत. आईचं नाव कशाला घासता?"

त्यांनी स्वयंपाकघरातले पडदे ओढले. फोनचा टॉर्च तळाला आडवा धरला. दिसेल ती रेघ कागदावर उतरवत गेल्या. पाऊण तासानं कागद माझ्याकडे सरकवला. 'चि. कुमुद हीस, आजीकडून.'

काकूंनी चहा ठेवला. "आता पॉलिश बंद. काळं पडू द्या. रेघांत काळं साचलं की अक्षर दिसतं."

आभार मानायला चिवड्याचा डबा घेऊन गेलो, तर त्यांनी तो आधी उलटा केला. "नाव नाही. मग परत कोणाला करू?"

डबा त्यांच्याकडेच राहिला. काकू गेल्या वसंतात वारल्या.

यंदा गणपतीत फुलपात्र नुसतं पुसलं. तीर्थ घालण्याआधी उलटं केलं. कुमुद. टॉर्च लागला नाही.