कोपरा फाटलेलं कार्ड

माझ्या आईच्या तोंडातला तांदळाएवढा तुकडा नागपूरला गेला, तेव्हा आईनं स्वतः जिल्ह्याचं गाव चांदासुद्धा पाहिलं नव्हतं. शेजारणींना ती हसून सांगायची, "माहा तुकडा नागपूर पाहून राह्यला, आन् मी इथीच सावलीत." बाया हसायच्या. मला हसू यायचं नाही, कारण घरात तिनं, तिचं काही मला लागू नये म्हणून, आपली थाळी वेगळी ठेवायला सुरुवात केली होती. आम्ही दोघीच होतो घरात, बाबा माझ्या लहानपणीच गेले होते. दोन माणसांच्या घरात एक थाळी वेगळी झाली की काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

झालं होतं असं. चांद्याच्या एका दवाखान्यातली डॉक्टरीणबाई बाजाराच्या दिवशी आमच्या सावली गावाला आली होती आणि तंबाखू खाणाऱ्या बायांची तोंडं तपासत होती. आईला दुखतखुपत काहीच नव्हतं, ती आपली गंमत म्हणून रांगेत बसली. गालात ज्या जागी ती चुना-तंबाखू धरून ठेवायची, तिथं बाईंना पांढरा चट्टा दिसला. त्यांनी तिथला तुकडा काढून नागपूरला तपासायला धाडण्यासाठी बाटलीत घातला. "नागपूरहून कळलं की कार्ड पाठवीन," म्हणाल्या.

धानाचं रोवणं सुरू होतं. आईनं मला शाळेतून काढून चिखलात उतरवलं होतं, आणि त्याचा राग माझ्या नाकावर होता. वाकून रोप लावता लावता ती मध्येच थांबायची आणि जिभेनं गाल चाचपायची. मी बघितलं की पुन्हा वाकायची. मला तिची कीवही यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच.

कार्ड आलं त्या दिवशी आई शेतात, धानाच्या बांधीत होती आणि मी घरी भात शिजवत होते. डाकवाला दारात थांबला नाही. कार्ड बाहेर ओट्यावर ठेवून, मान खाली घालून निघून गेला. कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडे मयतीचं कार्ड कोपरा फाडून धाडतात. ते घरात नेत नाहीत. बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. मामा गेला तेव्हा वडशाहून असंच आलं होतं. आईला अक्षर येत नव्हतं, पण कोपरा वाचता येत होता. हा कोपरा कुणी फाडला, पोस्टाच्या थैलीत फाटला की कुणी त्यात चुना बांधून घेतला, देव जाणे.

ती आल्यावर मी वाचून दाखवलं. "तुकड्यात दोष आढळला आहे. मोठा रोग आहे असे आज म्हणता येत नाही, पण शंका आहे. पंधरा दिवसांत चांद्यास यावे." मी वाचत होते आणि ती फाटलेल्या कोपऱ्याकडेच बघत होती.

"तू खोटं वाचून राह्यली."

"नाई वं माय, असंच लिवलं हाय."

"मानूस खोटं बोलते. कोपरा नाई बोलत."

तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, बारीक बारीक फाडलं आणि नालीत टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती मेलेल्या माणसासारखी शांत झाली. चांगलं लुगडं शेजारणीला दिलं. बियाण्याचं धान घरातल्या कुठल्या ढोलीत भरून ठेवलं आहे ते मला दाखवलं. चांद्याला चल म्हटलं की म्हणायची, "मेलेल्या मानसाले कायचा दवाखाना?" मी रडले, भांडले, एक दिवस जेवलेच नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पंधरातले अकरा दिवस असेच गेले.

बाराव्या दिवशी बांधावर भाकरी खाताना मी म्हणाले, "कोपरा मीनं फाडला."

तिचा घास हातातच राहिला. "काऊन वं?"

"तूनं मले शाळेतून काढलं. राग आला."

कोपऱ्याचं खोटं होतं, पण राग खरा होता. म्हणूनच तिला ते पटलं. जन्मात पहिल्यांदा तिनं माझ्या थोबाडीत मारली. भाकरी चिखलात पडली. मला लागलं, आणि त्याच वेळी आनंद झाला, कारण मेलेलं माणूस मारत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मूल गावावरून मोटारीनं चांद्याला गेलो. मोटारीत ती माझ्यापासून लांबच्या बाकावर बसली. बाईंनी चट्टा कापून काढला आणि तोही नागपूरला धाडला. खरं काय ते सांगावं असं मला दवाखान्यात रोज वाटायचं. पण सांगितलं तर ती पुन्हा कोपऱ्यावर विश्वास ठेवील आणि खाटेवरून उठून घरी निघेल, अशी भीती वाटायची. मग घरी आल्यावर सांगू म्हटलं. मग सुगी झाल्यावर.

सुगीच्या आधीच दुसरं कार्ड आलं. चारही कोपरे शाबूत होते. मी हात पुढे केला, तेवढ्यात आई आतून धावत आली आणि डाकवाल्याला म्हणाली, "भाऊ, तूच वाच."

त्यानं वाचलं. सगळा दोष निघाला आहे, काळजी नको, तंबाखू पुन्हा तोंडात धरू नये. आई मटकन ओट्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी दाराशी उभी होते. डाकवाला माझ्याकडे बघून हसला आणि आईला म्हणाला, "घरात शिकेल पोरगी असून मले काऊन वाचाले लावते, बाई?"

"शिकेल हाय," आई म्हणाली. "पन आता माहं कार्ड तिच्या हाती नोको देऊ."