ऑर्किडवर लावलेली मिशी

न्हाव्याने आयुष्यात एकच गोष्ट कापायची सोडली होती. स्वतःची मिशी. दुकानाला पाटी नव्हती, मिशीच पाटी. लोक पत्ता सांगताना म्हणत, "मोठी मिशी दिसली की आत शिरायचं."

एक दिवस त्याची थोरली बहीण, ताई, बगलेत कुंडी मारून आली. कुंडीत ऑर्किड. चार जाडजूड पानं आणि बाहेर लोंबणारी मुळं.

"वर्षानुवर्षं नुसतं पाणी पितंय, फुलायचं नाव नाही. टाकायला निघालेय."

"टाकू नकोस. मी फुलवतो."

"तू? तू निवडुंग बुडवून मारलास."

"हे फुललं नाही तर मिशी उतरवीन."

असं माणसं बोलतात आणि विसरतात. ताई कधी काही विसरत नसे. "थंडी संपली की येते," ती म्हणाली. "वस्तरा मी चालवणार."

त्याच दुपारी त्याने ऑर्किडला खुर्चीवर बसवलं. खुर्ची वर घेतली, भोवती कापड गुंडाळलं. मुळं प्लास्टिकच्या कुंडीला अशी चिकटली होती की कुंडीच कात्रीने चिरावी लागली. आत मातीऐवजी भरलेले झाडाच्या सालीचे तुकडे कुजले होते. ते त्याने बारीक कंगव्याने विंचरून काढले. मग एकेक मूळ दाबून पाहिलं. टणक ते ठेवलं, पोकळ ते छाटलं. सवयीने विचारलंही, "मागून किती ठेवू?" नव्या कुंडीत नवी साल भरली, झाड बसवलं आणि त्याला मागून आरसा धरून दाखवला.

शेजारच्या दुकानातला चष्मेवाला बाकावर ताटकळला होता. "माझ्या दाढीला एवढा वेळ कधी दिला नाहीस."

"तुझ्या दाढीवर माझी मिशी लागलेली नाही."

थंडी पडली. रात्रीच्या गारव्याने फूल येतं असं कुणी सांगितलं, म्हणून कुंडी खिडकीत गेली. एका सकाळी पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक डोकावलं. चष्मेवाला भिंग घेऊन आला.

"फुलाचा दांडा," तो म्हणाला. "लिहून देतो."

मग काय विचारता. न्हाव्याने दांड्याला कंगव्याचा टेकू दिला. केस उडू नयेत म्हणून वर प्लास्टिकची टोपी चढवली. गिऱ्हाइकांना तो शिंकायला बाहेर पाठवू लागला.

"माझ्या बाळंतपणात तुम्ही गावाला गेला होतात," बायको म्हणाली.

"हळू बोल," तो म्हणाला.

टोक वाढलं, रुपेरी झालं, खाली वळलं.

"लाजतंय," न्हावी म्हणाला.

ताई आली. तिने टोपी काढली आणि बराच वेळ पाहिलं.

"हे मूळ आहे रे."

"भिंगातून बघितलंय."

"कुणी?"

चष्मेवाल्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

न्हावी खुर्चीत बसला. कापड स्वतःच बांधून घेतलं, मान मागे टेकली. ताईने वस्तरा उचलला.

"राहू दे का?"

"बोललोय ना."

"मग हलू नकोस."

मिशी गेली. ओठावर पांढराफटक पट्टा उरला. बायकोने डोकावून पाहिलं आणि हसायला आत निघून गेली.

तेवढ्यात नेहमीचं एक गिऱ्हाईक दारातून आत आलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"मालक नाहीत?"

"या, मी करतो दाढी," न्हावी म्हणाला.

"नको. मला त्यांचाच हात लागतो. थांबतो मी."

न्हाव्याने बाकावरचा टॉवेल उचलून त्याला जागा करून दिली.

"बसा. येतील दोन-तीन महिन्यांत."