काकांचा पंचा

पंचावाले काका कुठल्याही कारखान्यात आधी शिरत नसत, आधी शेजाऱ्याकडे जात. खडी क्रशर असो, वीटभट्टी असो की गुळाचं गुऱ्हाळ, सगळ्यात जवळचं घर शोधायचं, खांद्यावरचा धुतलेला पंचा ओला करून त्या घराच्या दोरीवर वाळत घालायचा आणि संध्याकाळी तो मालकाच्या मांडीवर पसरायचा. "कागद सरकारला दाखवा, मला पंचा दाखवा," असं ते म्हणत. कडक इस्त्रीतले मालक दिवसभरात धुळीनं करड्या झालेल्या त्या पंच्याकडे बघून खुर्ची मागे सरकवत.

मी इंजिनिअर होऊन नुकतंच बीडमध्ये ऑफिस थाटलं होतं. लहान धंद्यांना धूळ-धुराचे नियम समजावून सांगायचे, काय बसवायचं ते ठरवायचं, अर्ज भरून परवानगी मिळवून द्यायची, हे माझं काम. काका मूळचे वेल्डर. पाण्याचे फवारे, धूळ अडवायचे पत्रे, चिमण्या ते बसवून देत. खरं सांगायचं तर भिंतीवर पदवी माझी होती, पण गिऱ्हाईक यायचं काकांच्या शब्दावर. मला ते 'इंजनेर साहेब' म्हणत. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शिरूर कासारकडच्या एका गुऱ्हाळवाल्याने चिमणी लिंबाच्या झाडापेक्षा बुटकी बांधली होती. काकांनी एकदा चिमणीकडे बघितलं, एकदा झाडाकडे. "मालक, कावळ्यांसाठी केलीय का ही? लई खोकायलेत बिचारे." मालकासकट सगळे हसले आणि आठवड्यात चिमणी वाढली. तीच गोष्ट मी नियमाचं कलम वाचून दोन महिने सांगत होतो.

धारूरच्या घाटाखाली एक क्रशर होता. त्याच्या पत्र्याच्या कुंपणाला लागून द्वारकाबाईंचं घर. त्या शेळ्या राखत. काका त्यांना आक्का म्हणत. चहा द्यायच्या तो कपावर बशी झाकून, कारण घोट घेईपर्यंत चहावर पांढरी साय धरायची, आणि ती दुधाची नसायची. "आक्का, पाण्याचे फवारे बसले की बशी काढून चहा पिऊ," असं काकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

क्रशरच्या मालकाला परवानगी हवी होती, फवारे नको होते. मला गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नव्हतं. पालीजवळच्या एका क्रशरला काकांनीच फवारे बसवून दिले होते. मी ते दोन दिवसांसाठी मागून आणले, धारूरला उभे केले, फोटो काढले, फाइलला लावले. काकांना यातलं काही सांगितलं नाही. काका गावाला गेले होते, ते तपासणीच्या दिवशी सकाळी थेट क्रशरवर आले. पाइपाच्या जोडावर त्यांनी नुसता अंगठा फिरवला. आईला लेकरू ओळखायला कितीसा वेळ लागतो?

नेमकी त्या दिवशी लाइट नव्हती. क्रशर बंद, मोटार बंद. तपासणीचे साहेब नवखे नव्हते, काकांना ओळखत होते. त्यांनी माझ्या फाइलवरून नजर उचलली आणि विचारलं, "काका, तुम्ही सांगा. हे रोज चालतात ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझे हात आपसूक जोडले गेले होते. कमरेच्या खाली, साहेबांना दिसणार नाहीत असे.

"व्हय साहेब. चालतेत," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाइप पालीला परत गेले. काका ऑफिसात आले, बसले नाहीत. खांद्यावरचा पंचा घडी करून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "ठिवा तुमच्यापाशी. आता मी ह्यो कोणापुढं पसरू? कशापायी पसरू?" मी पाणी द्यायला उठलो तोवर ते जिना उतरले होते. मी मागे गेलो नाही. तेव्हा मनात लाजेपेक्षा सुटकाच जास्त होती, हे लिहायची आज जास्त लाज वाटते.

ते पुन्हा आले नाहीत. मागच्या हिवाळ्यात गेले. अंत्यविधीला मी मागच्या रांगेत उभा राहिलो आणि कोणी ओळखायच्या आत निघालो.

त्यानंतर एकदा तो पंचा घेऊन मी धारूरला गेलो. क्रशर घरघरत होता. द्वारकाबाईंनी मला ओळखलं. मी पंचा ओला करून दोरीवर टाकायला लागलो, तशी त्यांनी हात धरला.

"आता कशाला? पाणी मारतेत की ते. काकांनी साहेबाला सांगितलं तवा मी हितंच हुते." त्या कुंपणाच्या पत्र्याकडे बघत म्हणाल्या, "पाणी मारून बी एवढी येती, मग इलाज न्हाई. मशीनच तसली. काका काय खोटं बोलायचे न्हाईत."

तीन वर्षं ही बाई धूळ खात होती, काकांच्या शब्दावर विश्वास ठेवून. एकदाही तक्रार केली नव्हती. खरं सांगितलं तर काका खोटे ठरणार होते, नाही सांगितलं तर ती अशीच खोकत राहणार होती. मी ओला पंचा तसाच घडी केला.

त्या चहा घेऊन आल्या. कपावर बशी होती.