मोरव्याचे लाल ठिपके

"मॅडम, मग मोरव्याला शेतं जाळल्याच्या नोटिसा काढायला हरकत नाही ना?" क्लायंटच्या, म्हणजे महापालिकेच्या ऑफिसमधल्या साहेबांनी विचारलं. स्क्रीनवर माझाच नकाशा होता आणि मोरवा गावावर लाल ठिपके. 'हो' म्हणायला जीभ रेटेना. "फायनल रिपोर्ट सोमवारी देते, सर," एवढंच म्हटलं.

काम असं होतं. मे महिन्यात मीरा रोडच्या हवेत दुपारनंतर धूर वाढत होता. तो कुठून येतो, हे सांगायचं. सॅटेलाइट दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो. त्याला जमिनीवरची धग कळते. धग तिथे नकाशावर ठिपका. मग आम्ही गणित मांडतो: किती जागा जळाली, तिथे सुकं गवत किती असेल, त्यातून धूर किती निघेल. तो धूर मॉडेलमध्ये, म्हणजे वाऱ्याचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सोडायचा. कुठे किती पोचला ते तो सांगतो.

मीरा रोडच्याच पूनम सागर वसाहतीत एका गच्चीवर आमचं हवा मोजायचं मशीन होतं. मॉडेलमधून निघालेला माझा आकडा मशीनच्या आकड्याला जवळजवळ चिकटला होता. आमचे हेड भावेसर तो ग्राफ सगळ्यांना दाखवत होते.

पण मोरवा मी फक्त नकाशावरच पाहिलं होतं, म्हणून शनिवारी रिक्षा करून तिथे गेले. नकाशातल्या एका ठिपक्याच्या जागी हिराबाई भेटल्या. साठीच्या असतील, बांधावर गवताचे भारे रचत होत्या.

"मावशी, इथे शेत जाळता का?"

"शेत कशाला जालू? राब जालतो."

राब म्हणजे भाताची रोपं टाकायचा वाफा. पावसाआधी त्यावर सुका पालापाचोळा, गवत पसरून जाळतात. त्यांनी हाताने दाखवलं. काळी पडलेली एक पट्टी. मी पावलं टाकून मोजली. बारा लांब, सात रुंद.

"एवढंच?"

"एवराच. चार घरांचं चार हायत, सगल्यांनी एकाच दुपारी जालले. तुमी न्हाय म्हनाल तर भात कुठं लावायचा, बाय?"

 माझी चूक तिथेच दिसली. जळालेली जागा सॅटेलाइट मोजत नाही, म्हणून आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्यामागे एक ठरावीक जागा जळाली असं धरतं. मोठ्या माळरानाला ते चालतं. इथे चार वाफ्यांसाठी मी अख्खं शिवार जाळलं होतं. कागदावर.

बाकीच्या ठिपक्यांवरही जाऊन मोजलं; तिथेही असेच राब, वेगवेगळ्या दुपारी जाळलेले. रविवारी खरी मापं घालून मॉडेल पुन्हा चालवलं. मोरव्याचा धूर नावापुरता उरला. माझा आकडा मशीनच्या आकड्याच्या पार खाली गेला.

सोमवारी भावेसर ग्राफकडे बघत राहिले. "जुळलेलं काम स्वतःच्या हाताने मोडलंस?"

"सर, ते जुळलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तरी धूर मोरव्याच्या नावावर खपला होता."

त्यांनी ग्राफ बंद केला. मग म्हणाले, "साहेबांना तूच सांगायचं."

सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "मग धूर कोणाचा?"

"माहीत नाही, सर."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य क्लायंटसमोर पहिल्यांदा बोलले. 

"एवढं काम करून माहीत नाही?"

"मोरव्याचा नाही, एवढं नक्की माहीत आहे."

ते खूश नव्हते, पण नोटिसा थांबल्या. रिपोर्टमध्ये 'स्रोत अज्ञात' असा मोठा रकाना गेला. तो बघून त्यांनीच आणखी दोन मशीन लावायला परवानगी दिली, त्यातलं एक मीरा रोडच्याच हाटकेश भागात. मशीन धूर आणि धूळ एकत्रच मोजतं; त्यातला काही भाग बांधकामाच्या धुळीचा निघालाय. बाकीचं शोधतोय.

आमच्या धंद्यात आकडा जुळला नाही की सगळे चूक शोधतात, आणि जुळला की चहा मागवतात. मी आता जुळल्यावरही जाऊन बघते. त्यात दोन दिवस जास्त जातात, आणि भावेसर दर वेळी कुरकुरतात.