दाजींची दुसरी कादंबरी

आमचे दाजी हिंदीत लिहायचे. पहिली कादंबरी छापून आली, पण तिच्याकडं कुत्रंही फिरकेना. निदान बोंब तरी व्हावी म्हणून दाजींनी खोट्या नावानं एका मासिकात स्वतःच तिची सालटी काढली. कादंबरी खपली नाही ती नाहीच. संपादक मात्र टीकेवर खूश झाला आणि त्यानं त्या नावाला दर महिन्याचं सदर दिलं. बघता बघता भलेभले लेखक त्या नावाला चळाचळा कापायला लागले.

पुढं दुसरी कादंबरी लिहून झाली, पण दाजी ती छापायला देईनात.

ताई म्हणाली, "आता कुणाला भिताय? टीकाकार तर घरातलाच आहे."

"म्हणून तर! संपादक त्याच्याकडंच धाडणार, अन् तो मेला सख्ख्या बापालाही सोडत नाही."

"मग गोड लिहा की!"

"अन् त्याचं नाव घालवू?" दाजी कळवळून म्हणाले.